मदत हवी आहे: शंभर वर्षांपूर्वीचं गिब्सन मँडोलिन नागपूरच्या हवेत रोज वाजवता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी सुगम संगीताच्या ग्रुपमध्ये मँडोलिन वाजवते. रोज रियाज असतो, अधूनमधून कार्यक्रम. सध्याचं वाद्य प्लायवुडचं आहे. ट्रेमोलो (तारेवर भरभर आघात करून सूर लांबवणं) लावला की सूर पातळ होतो आणि हार्मोनियमपुढे विरून जातो.

पुण्यात एकांकडे गिब्सन या अमेरिकन कंपनीचं ए मॉडेल विकायला आहे, सिरियल नंबरवरून १९१७ च्या आसपासचं. कोरलेला स्प्रूसचा टॉप, अंडाकृती साउंडहोल, पाठ बर्चची. त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं आणि जीव अडकला. जी आणि डीच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, तारांच्या जोड्यांना अशी खोली मी नव्या वाद्यात ऐकलेली नाही. टॉपची चीर आतून लाकडाचे तुकडे चिकटवून बंद केली आहे, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नट (मानेच्या टोकाची तारांची खाचपट्टी) नवे, घोडी (टॉपवरचा तारांचा आधार) जुनीच. पॉलिशला हात लावलेला नाही, हे मला फार आवडलं.

काळजी मानेची आहे. तिच्यात ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारा आतला धातूचा दांडा, नाही. गिब्सननं तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. म्हणजे मान वाकलीच, तर चावी फिरवून सरळ करायची सोय नाही. आणि आमच्याकडची हवा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, बाहेर सगळं कोरडं ठक्क, आणि खोलीत कूलर लावला की तीच हवा दमट. मग पावसाळा. कार्यक्रम वसंतराव देशपांडे सभागृहात असला, तर भर उन्हातून थेट एसीत जायचं. लाकूड आक्रसणार, फुगणार, परत आक्रसणार. जुने सांधे सरसाचे असतात आणि तापलेल्या गाडीत ते सुटतात, त्यामुळे गाडीत ठेवायचा प्रश्नच नाही. पण घरात? हार्ड केसमध्ये हायग्रोमीटर ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखायचा विचार आहे. उन्हाळ्यात हे कोणाला प्रत्यक्षात जमलंय का?

तारा हलक्याच लावीन, पहिली जोडी ०.०१० इंचाची. तेवढ्यानं टॉपवरचा ताण पुरेसा कमी होईल ना?

प्रत्यक्ष बघताना मान सरळ मोजपट्टी लावून तपासायची, घोडीखाली टॉप दबलाय का ते पाहायचं, आणि बाराव्या फ्रेटचा सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणाऱ्या सुराशी) ताडून बघायचा, एवढं ठरवलंय. साउंडहोलजवळ टॉपला आतून आधार देणारी आडवी पट्टी सुटलेली असली तर बाहेरून कशी ओळखायची? आतला फोटो मागितलाय, पण फोटोत ते कळेल असं वाटत नाही.

आणखी एक. नवे फ्रेट मूळच्यापेक्षा रुंद बसवलेत असं विक्रेते सांगतात. मी भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी वाजवते, त्यात घसीट (तारेवरून बोट सरकवत सूर बदलणं) भरपूर. रुंद फ्रेटवर ती सोपी जाते की हात अडतो, हे वाजवणाऱ्यांनीच सांगावं.

नागपुरात किंवा जवळपास अशा जुन्या वाद्याची घोडी आणि फ्रेट नीट करणारे कारागीर माहीत असतील, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुरुस्तीची सोय इथे झाली तरच मी बयाणा देणार आहे.