पंचावन्नाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेज: क्रेडिट घेऊ की नॉनक्रेडिट? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात असतो, ग्रीन कार्ड आहे. मी ९१ची बी.कॉम., लग्नाआधी दोन वर्षं नोकरी केली, मग मुलं आणि घर. आता दोघंही बाहेर पडलीत तर इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) बुककीपिंगचं, म्हणजे हिशोब लिहिण्याचं, सर्टिफिकेट करावं म्हणतेय. पैशाचं गणित कळलंय, क्रेडिट कोर्सला इथल्या रहिवाशांना युनिटला (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर म्हणजे ३ युनिटचा कोर्स १३८ला पडतो, पुस्तकं आणि हेल्थ फी वेगळी. नॉनक्रेडिट, म्हणजे युनिट न मिळणारे कोर्स, तर फुकटच. पेल ग्रँटला (सरकारकडून शिक्षणासाठी मिळणारी, परत न करायची मदत) वयाची अट नाही हे वाचून खूश झाले होते, पण आधीची बॅचलर्स डिग्री असली की मिळत नाही आणि भारतातलीसुद्धा सहसा धरतात, म्हणजे तो विषय संपला.

अडलंय दुसरीकडेच. ऑनलाइन फॉर्मवर हायस्कूलचा जीपीए (ग्रेडची सरासरी) विचारलाय. माझी दहावी ८६ची, मार्कशीट माहेरी ट्रंकेत! ओरिएंटेशनचा व्हिडिओ बघितला तर पाऊण तास डॉर्म नसल्याचे फायदे आणि आईबाबांशी कसं बोलावं हेच, अरे मीच आई आहे. काउंटरवरच्या मुलीने तर 'तुमच्या मुलासाठी का?' विचारलं, बिचारीचा दोष नाही म्हणा.

खरी भीती वेगळी आहे. 'डेबिट व्हॉट कम्स इन' झोपेत विचारलंत तरी सांगेन, पण परवा लेकाने क्विकबुक्स हे हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडून दिलं तर नुसती बघत बसले, लेजर कुठाय तेच सापडेना. वर कॅनव्हास (कॉलेजची ऑनलाइन अभ्यासाची साइट), डिस्कशन पोस्ट, रात्री ११:५९ची डेडलाइन. एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर ग्रुप प्रोजेक्ट जमेल का? ज्यांनी उतारवयात केलंय त्यांनी सांगा, थेट क्रेडिटला उडी मारू की आधी नॉनक्रेडिट? आणि ऐकायला थोडं कमी येतं, त्याचं काही करतात का ते लोक?

प्रतिसाद १
ताई, मी ४९व्या वर्षी केलं. जीपीएचं टेन्शन सोडा, शाळेचे मार्क नसतील तर गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट असतं, प्रश्नावली भरून कुठल्या लेव्हलच्या कोर्सपासून सुरू करायचं ते आपणच ठरवायचं. कॅलिफोर्नियाच्या AB 705 कायद्यानंतर इंग्रजी-गणिताच्या लेव्हल ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्ट गेल्याच. ऐकण्यासाठी डीएसपीएस ऑफिसला (अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांची सोय बघणारं) जा, डॉक्टरचं पत्र लागेल, मग कॅप्शन्स, नोट्स घेणारा वगैरे सोय होते. प्रोफेसरला स्वतःहून कारण सांगायची गरज नाही, ऑफिसकडून पत्र जातं.

नॉनक्रेडिटमध्ये एक्सेल आणि क्विकबुक्स शिकवतात का ते तुमच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये बघा, असेल तर आधी तेच करा. ग्रेड नाही, ११:५९ नाही. मी उलटं केलं, थेट अकाउंटिंग घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात रडले. ट्युटरिंग सेंटर फुकट असतं हे तोवर माहीतच नव्हतं. एकच कोर्स घ्या पहिल्या टर्मला, आणि ड्रॉपची तारीख आधी कॅलेंडरवर लिहा, ती उलटल्यावर कोर्स सोडला की ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या मार्कांच्या नोंदीवर) डब्ल्यू, म्हणजे 'विथड्रॉ', येतो.

प्रतिसाद २
पास/नो पास (ए-बी-सी ग्रेडऐवजी नुसतं पास की नापास) घेऊ नका सर्टिफिकेटच्या कोर्सला, बऱ्याच ठिकाणी लेटर ग्रेडच लागते, काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅन बनवून घ्या म्हणजे कळेल. टॅक्स भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणाच्या खर्चावर टॅक्समध्ये मिळणारी सूट) बघा, फीच्या २० टक्के, डिग्रीसाठीच शिकताय अशी अट नाही, पण उत्पन्न जास्त असेल तर नाही मिळत. ग्रुप प्रोजेक्टमध्ये पोरं तुम्हालाच लीडर करतील बघा, आमच्या ग्रुपमध्ये वेळेवर येणारी मी एकटीच होते.

धागाकर्ती
दोघांनाही खूप थँक्यू! सोमवारची काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळाली. नॉनक्रेडिटला क्विकबुक्स आहे, संध्याकाळचा वर्ग आहे, नाव घातलं. भावाला मार्कशीट शोधायला सांगितलं होतं, आता नको म्हणून फोन केला तर म्हणतो आधी का नाही बोललीस, अख्खी ट्रंक उपसून बसलोय.