मदत हवी आहे: बंद केलेली टॉर्चही मंद उजळतेय

एका १८६५० सेलवर (रिचार्ज होणारा लिथियम-आयन सेल) चालणारी छोटी एलईडी टॉर्च आहे, मागे टिकटिक बटण. गेल्या आठवड्यात शेतावर पावसात भिजली. तेव्हापासून बटण बंद असलं तरी अंधारात एलईडीचा पिवळा ठिपका काजव्यासारखा दिसत राहतो. मागचं झाकण पूर्ण काढलं की विझतो. म्हणजे गळती बटणातूनच होत असावी. एलईडीला काही मायक्रोअँपियर, म्हणजे अगदी क्षीण वीजप्रवाहही पुरतो म्हणे. झाकणातली पितळी रिंग फिरवून बटण बाहेर काढलं, तर स्प्रिंगच्या बुडाशी हिरवट थर दिसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन भागेल की बटणच बदलावं? सेल हळूहळू उतरून २.५ व्होल्टच्या खाली जाईल आणि खराब होईल, याची काळजी वाटते. रात्री पाणी द्यायला हीच लागते, कृपया सांगा.