जुलैची सहल: बसवाल्याला शुक्रवारपर्यंत सांगायचंय

मंडळी, बसवाल्याचा परत फोन आला. नागपूरहून पहाटे निघून नवेगावबांध, आधी जंगलातलं मत्स्यबीज केंद्र, मुक्काम दादांच्या वाड्यावर, इतकं ठरलंय. अडचण मागच्या खेपेचीच. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाची गेटं बंद. सफारी नाही म्हणून सात कुटुंबं मागे सरतायत. डिसेंबरला हलवू का? इसार द्यायचाय.
– सहल समिती

---

काहून हलवता जी? डिसेंबरात केंद्रात कोरडे हौद पाहाल. रोहू, कतला, मृगळ हे मासे पावसाळ्यात अंडी घालतात, तीही वाहत्या पाण्यात. तळ्यात कोंडले तर पोटात अंडी असून सोडत नाहीत. म्हणून संध्याकाळी अंडी सुटावीत असं इंजेक्शन देऊन गोल हौदात सोडतात आणि पाणी फिरतं ठेवतात. रात्रीतून अंडी पडतात. हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांना हे पहिल्यांदा जमलं ते १० जुलै १९५७ ला, ओडिशात. त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन असतो. आपली बस त्याच आठवड्यात आहे!
– अर्जुनीचा दादा

---

दादा, डिसेंबरात बाजूच्या तळ्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, तर असतेच की. माझ्या माहेरी मामा तलावात सोडायला ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, आजोबा जिऱ्याच्या, म्हणजे माशांच्या बारीक पिल्लांच्या, पिशव्या आणत, ऑक्सिजन भरून फुगवलेल्या. पिशवी आधी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड सोडून तलावाचं पाणी थोडंथोडं आत घ्यायचं, म्हणजे पिल्लांना नवं पाणी सोसतं. मी सात वर्षांची, घाईत एक सरळ पालथी केली. आजोबा रागावले नाहीत, नुसते पाण्याकडे बघत बसले. ते अजून डोळ्यांसमोर आहे. मुलांना हे दाखवायला हवं, महिना कुठलाही असो.
– साकोलीच्या काकू

---

काकू, मामा तलाव म्हणजे कुणाचे मामा? लेक विचारतेय.
– खजिनदार

---

माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. मालगुजार म्हणजे जुने जमीनदार. नवेगावचा बांध मात्र कोहळी समाजाने बांधलेला. कोलू पाटलांचं नाव तिथे लहान पोरंही सांगतात.
– काकू

---

तलाव ठीक, पण आम्ही मुलांना वाघ कबूल केलाय. आणि अंडी रात्री पडतात तर जंगलात रात्री थांबू कोण देणार?
– सात कुटुंबांतलं एक

---

रात्री थांबायची गरजच नाही. सकाळी दहापर्यंत पोचा. अंडी भिजल्या साबुदाण्यासारखी फुगलेली असतात, तळहाताएवढ्या वाटीत घेऊन उजेडाकडे धरली की आत शेपटी वळवळताना दिसते. दुपारनंतर फुटायला लागतात. वाघ पुढच्या हिवाळ्यातही दिसेल, हे त्या एका सकाळीच दिसतं.

परवानगीचं मी बघतो. दुसऱ्या कोणी फोन करू नका, मागे तिघांनी तीन तारखा सांगितल्या होत्या.
– दादा

---

मग जुलैच. दादा, सात कुटुंबांना तुम्हीच एकदा फोन करा. सगळ्यांनी गमबूट आणा. डासांचं मलम लावलेला हात हौदात घालायचा नाही, मुलांना बसमध्येच सांगून ठेवा. जेवणात मासे हवेत की नकोत, ते काकूंना कळवा.
– सहल समिती