दोन अक्षरांमधला विराम

लहान मुलांच्या कार्यक्रमात रंगभूमीवरचा मोठा नट केवळ नावापुरता आणतात, हे मत मला पटत नाही. अमेरिकन नट जेम्स अर्ल जोन्स यांनी १९६९ मध्ये, म्हणजे 'द ग्रेट व्हाइट होप' या नाटकासाठी त्यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी इंग्रजी मुळाक्षरे म्हटली. दोन अक्षरांमध्ये ते इतके थांबत, की पाहणारी मुले आधी त्यांच्याबरोबर आणि पुन्हा पाहताना त्यांच्याही आधी अक्षर म्हणू लागली. असा विराम घ्यायला रंगभूमीवर मुरलेलाच माणूस हवा (दूरचित्रवाणीला शांततेची फार भीती). गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत पहिलीला बाराखडी शिकवताना मीही तसे थांबून पाहिले, तेव्हा घरी गोंडी बोलणारी आणि वर्गात एरवी गप्प बसणारी दोन मुले माझ्याआधी 'कि' म्हणून मोकळी झाली.