मदत हवी आहे : दहा वर्षांच्या भाचीसाठी पुस्तकं सुचवा

भाची हाती पडेल ते वाचून काढते. मेरी क्युरीचं चरित्र संपवून तिने मला विचारलं, "१९११ साली तिला दुसरं नोबेल मिळालं, मग त्याच वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीने सदस्यत्व का नाकारलं?" पुस्तकात फक्त जिद्द आणि कष्ट. अडवणारे कोण, कोणत्या नियमाने अडवलं, यावर अवाक्षर नाही. मला तेच हवंय. न्यूझीलंडमध्ये बायकांना मताधिकार १८९३ साली मिळाला, स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर थेट १९७१ साली. हे लढे गोष्टीसारखे सांगणारं, पण मुलांना कमी न लेखणारं काही वाचलंय का? मराठी असेल तर उत्तमच, अनुवादही चालेल. एकेका पानात एकेक बाई उरकणारे संग्रह मात्र नकोत. तिचा धाकटा भाऊही सोबत ऐकत बसतो, त्यालाही रमवेल असं सुचवा.