फोर-हायमधून लिव्हर बाहेर येईना

होटगीरोड: १९९९ची डिझेल फोर-बाय-फोर. ट्रान्स्फर बॉक्सचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा) लिव्हर हाताचा, पुढच्या चाकांना हाताने जोडायचे-सोडायचे मॅन्युअल लॉकिंग हब. मंगळवेढ्याकडच्या ओल्या काळ्या रानातून फोर-हाय (चारही चाकांना ताकद) लावून निघालो आणि तसाच डांबरावरून पन्नासेक किलोमीटर सोलापूरला आलो. आता लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) येत नाही. वळवताना स्टिअरिंग जड, गाडी ब्रेक लावल्यासारखी धरते. हबची चकतीही 'फ्री'वर फिरेना. मागचे दोन टायर गेल्या महिन्यात नवे टाकलेत, साइज तीच. मेकॅनिक म्हणतो ट्रान्स्फर बॉक्स उतरवावा लागेल. उतरवू का?

ग्रीसगन: थांबा की ओ, बॉक्सला हात लावू नका. ही पार्ट-टाइम सिस्टिम आहे, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडायची; मध्ये डिफरन्शियल (वेगातला फरक सोसणारा गिअरचा संच) नसतो. फोर-हायमध्ये पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणारी प्रोपेलर शाफ्ट एकमेकींना बांधलेली असते. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात. चिखलात टायर घसरून तो फरक मिटतो, कोरड्या डांबरावर मिटत नाही. मग शाफ्टना पीळ बसतो आणि आतली जोडणारी स्लीव्ह दातांवर इतकी घट्ट दाबली जाते की लिव्हर ओढून सरकत नाही. हबचंही तेच.

पीळ असा सोडवा: मऊ मातीवर गाडी न्या, स्टिअरिंग सरळ ठेवून १५-२० फूट रिव्हर्स घ्या, क्लच दाबा आणि गाडी हळू सरकत असतानाच लिव्हर हलक्या हाताने ओढा. दोन-तीनदा करा. तरी नाही आलं तर गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि पुढचं एक चाक जॅकवर. चाक उचललं जाताना झटक्याने फिरू शकतं, तेव्हा रिमजवळ हात नको. फिरलं तर पीळच होता. लिव्हरला पाइप लावून जोर करायचा नाही, आतली स्लीव्ह सरकवणारा फोर्क वाकतो. मग मात्र बॉक्स खरंच उतरवावा लागेल.

काळीमाती: टायरचं बोललंच नाही कुणी. नव्याची नक्षी ८ मिमी आणि जुन्याची ३ मिमी धरली तर परिघात साधारण ३१ मिमी फरक. ७०० मिमी व्यासाच्या चाकाला किलोमीटरमागे सुमारे १४ मीटर! म्हणजे सरळ रस्त्यावरही पीळ चढतच राहतो. खडूने खूण करून पुढचं आणि मागचं चाक ५-५ फेरे चालवा, अंतर टेपने मोजा.

पीळ सुटूनही लिव्हर अडला तर आधी बाहेरची लिंकेज (लिव्हर बॉक्सला जोडणारे रॉड) बघा. आपली काळी माती वाळली की विटेसारखी होते. धुऊन काढा, पिव्होटला गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. मग रॉडची स्प्लिट पिन काढून बॉक्सचा आर्म हाताने हलवा. तो सहज सरकला तर दोष लिंकेजमध्ये. नाही सरकला तर दोष आत: फोर्क ज्यावर सरकतो ती शिफ्ट रेल, तिला जागेवर धरणारा डिटेंटचा गोळा-स्प्रिंग किंवा फोर्क. ऑइलही बघा. आधी भरायचा प्लग सुटतो का ते पाहा, मगच निचऱ्याचा खोला, नाहीतर बॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. ब्रीदर (बॉक्समधली हवा ये-जा करायची वाट) मातीने बुजला असेल तर तोही साफ करा.

जुळेसोलापूर: माझ्याकडे लिव्हर नाही, बटण आहे. दिवा लुकलुकतो, एंगेज होत नाही.

ग्रीसगन: व्हॅक्यूमवाली (हवेच्या ओढीवर जोडणारी) असेल तर इंजिन चालू ठेवून ॲक्चुएटरची (ओढीने जोडणी सरकवणारा भाग) नळी काढा, बटण दाबून टोकाला अंगठा लावा. ओढ नाही म्हणजे नळी कुठेतरी तडकलीय किंवा सोलेनॉइड (ओढ चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) गेलाय. सोलापूरच्या उन्हात रबर कडक होऊन टी-जॉइंटपाशीच फाटतं. मोटरवाली असेल तर फ्यूज आणि मोटरचा कनेक्टर आधी.

होटगीरोड: तिसऱ्या रिव्हर्सला लिव्हर आला, हबही सुटले. ५ फेऱ्यांत मागचा ११.०२ मीटर, पुढचा १०.८७. एक नवा टायर पुढे टाकून भागेल?

काळीमाती: नाही. एका ॲक्सलवर जुना-नवा जोडला तर डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही फिरत बसेल. पुढचे दोन्ही घ्या, त्याच मेकचे, त्याच नक्षीचे. तोवर डांबरावर फोर-हाय बंद.