सोलरबरोबर बॅटरी आत्ताच घ्यावी का?

प्रश्न: गच्चीवर ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) सोलर बसवायचंय. पुढेमागे घरोघरी बॅटरी येईलच, मग आत्ता काय तयारी ठेवावी?

प्रतिसाद १: साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) लाईट गेली की बंदच पडतो. लाईनमध्ये उलटी वीज गेली तर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून भर उन्हातही पंखा बंद! हायब्रिड, म्हणजे लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर घ्या, बॅटरी नंतर जोडता येते.

प्रतिसाद २: फ्रिज, पंखे, दिवे, राऊटर आत्ताच वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या सुरक्षा-स्विचवर) काढा, म्हणजे पुढे बॅटरी तेवढ्यालाच जोडता येईल. नंतर भिंती फोडाव्या लागतात. गीझर त्यावर अजिबात नको. २ किलोवॅटचा गीझर तासाभरात २ युनिट खातो.

प्रतिसाद ३: व्होल्टेजही बघा. ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला हाय-व्होल्टेज बॅटरी चालत नाही. दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग असे विजेचे दर रुळले की दुपारी साठवून संध्याकाळी वापरता येईल, तेव्हा बॅटरीचा खरा फायदा दिसेल.